निळा रंग कशाने गेला? लाळ आणि स्टार्चच्या प्रयोगाच्या नोंदी

मी २२ वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होतो. आता नागपुरात मानेवाड्यात घरीच असतो. गल्लीतली सहा मुलं, सातवीपासून अकरावीपर्यंतची, रविवारी दुपारी चारला वरच्या खोलीत जमतात आणि आम्ही पुस्तकातले प्रयोग हाताने करून पाहतो. यंदा घेतला तो साधाच. भातात, पोळीत, बटाट्यात स्टार्च असतो. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करून माल्टोज ही साखर बनवतं. आयोडीनने स्टार्च निळाकाळा दिसतो, तो निळा रंग गेला की पचन झालं असं पुस्तकात दोन ओळींत लिहिलेलं आहे. आम्हाला त्या दोन ओळींना सहा आठवडे लागले. कोणाला घरी किंवा शाळेत हाच प्रयोग करायचा असेल तर आमचा गेलेला वेळ तरी वाचावा, म्हणून नोंदी जशा वहीत होत्या तशा उतरवतो आहे.

शनिवार, २९ मार्च २०२५

सामान आणलं. औषधाच्या दुकानात नुसतं ‘आयोडीन’ म्हटलं तर त्यांनी जखमेवर लावायचं मलम दिलं आणि मीही न बघता घेतलं. ६० रुपये वाया. मागायचं ते पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण, ५ टक्क्यांचं, बाटलीतलं. एक भाग द्रावण आणि दहा भाग पाणी, म्हणजे बिनदुधाच्या पातळ चहासारखा रंग येतो. त्याहून गडद ठेवलं तर आयोडीनचा स्वतःचाच तपकिरी रंग इतका असतो की निळा कुठे सुरू होतो ते कळत नाही.

खर्च: आयोडीन ९५, चोवीस परीक्षानळ्या १९२, दोन थर्मामीटर ३००, बारा ड्रॉपर ६०, साखर ओळखायचं बेनेडिक्ट द्रावण १८०, कॉर्नफ्लोर २५. मलम धरून ९१२ रुपये. पांढरी टाइल घरात फरशीच्या कामातली उरलेली होती.

संध्याकाळी स्टार्चचं द्रावण करून पाहिलं. उकळत्या पाण्यात कॉर्नफ्लोर टाकलं आणि गुठळ्या झाल्या. गुठळी बाहेरून शिजते आणि आत कोरडी राहते, लाळ तिथपर्यंत पोचत नाही. आधी दोन चमचे थंड पाण्यात कालवून घ्यायचं आणि मग उकळत्या पाण्यात धार धरून ढवळायचं. १०० मिलीला १ ग्रॅम घेतलं तर पेजेसारखं दाट झालं. अर्ध्या ग्रॅमवर आणलं. घरची भाताची पेजही चालते, पण ती रोज वेगळी होते, आणि आज-उद्याची तुलना करायची असेल तर पेज नको.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा. मुलं श्रीखंड-पुरी खाऊन आली, म्हणून प्रत्येकाला तीनदा चुळा भरायला लावल्या. लाळ घ्यायची रीत: चूळ भरून पाच मिनिटं थांबायचं, मग १० मिली स्वच्छ पाणी तोंडात अर्धा मिनिट घोळवून आपापल्या कपात टाकायचं. ज्याची लाळ त्यानेच हाताळायची. काम झालं की सगळं ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात. शेजारचे एक भाऊ हौसेने आपलीही लाळ घ्या म्हणाले. ते खर्रा खातात. त्यांना हात जोडून नाही म्हटलं. खर्र्यात चुना असतो, सुपारीचा लाल रंग असतो, रंग बघायच्या प्रयोगात तो चालत नाही.

आजचा दिवस मात्र लाळेपर्यंत पोचलाच नाही. ताजं, वाफाळतं स्टार्चचं द्रावण नळीत घेतलं, आयोडीनचे तीन थेंब टाकले. निळं झालंच नाही. फिक्कट पिवळं.

“काका, आयोडीन खराब निघालं,” अकरावीतली ताई म्हणाली. मलाही तेच वाटलं. नवीन पातळ द्रावण केलं. नाही. बाटलीतलं थेट टाकलं. काळपट तपकिरी, निळं नाही. स्टार्च पुन्हा शिजवला आणि पुन्हा गरमच वापरला. पाऊण तास गेला. शेवटी सातवीतल्या छोटूला म्हटलं, ही नळी धुऊन टाक. त्याने नळाखाली धरली आणि ओरडला, “काका, निळी होऊन राहिली!” पाण्याची धार काचेच्या ज्या बाजूला लागत होती तिथून निळा पट्टा खाली उतरत होता, दुसरी बाजू अजून पिवळी. नळी गरम पाण्यात बुडवली, निळा गेला. थंड केली, परत आला. असं चार वेळा केलं.

कारण माहीत असूनही मला आठवलं नव्हतं. स्टार्चचा एक भाग, अमायलोज, मळसूत्रासारखा गुंडाळलेला असतो आणि आयोडीन त्या पोकळीत रांगेने बसतं, तेव्हा निळा दिसतो. उष्णतेने ती बैठक मोडते. स्टार्च तसाच असतो, आयोडीनही तसंच असतं, फक्त रंग नसतो. थंड झालं की पुन्हा बसतं.

छोटूने वहीत लिहिलं: “रंग गेला. स्टार्च गेला नाही.” पुढच्या सगळ्या नोंदींवर मी हे वाक्य लाल शाईने लिहून ठेवलं.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. मुलं पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा पाहायला गेली. मी एकटाच थर्मामीटर तपासत बसलो.

दोन्ही एकाच दुकानातले, एकाच किमतीचे, आणि एकाच ग्लासात २.५ अंशांचा फरक. फोडलेला बर्फ आणि थोडं पाणी स्टीलच्या डब्यात घेऊन दोन्ही बुडवले, दहा मिनिटं थांबलो. एक ० वर, दुसरा २.५ वर. मग उकळत्या पाण्यात: पहिला ९९, दुसरा १०१.५. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे, तेव्हा इथे पाणी ९९ अंशांच्या आसपासच उकळायला हवं. पहिला बरोबर. दुसरा सगळीकडे सारखाच अडीच अंश पुढे आहे, म्हणून फेकला नाही, त्याला चिकटपट्टी लावून ‘वजा २.५’ लिहिलं.

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं आणि देशभर बातमी झाली होती. शहरातल्या बाकी ठिकाणी त्याच दिवशी दहा-बारा अंश कमी होतं. नंतर सेन्सर बिघडल्याचं निघालं. पुढच्या रविवारी मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांना बर्फाच्या डब्याचं महत्त्व लगेच पटलं. शेजारचं यंत्र काय म्हणतं हे आधी विचारावं, एवढंच त्यातून घेतलं.

रविवार, १३ एप्रिल

तापमानाचा प्रयोग. चार नळ्या, प्रत्येकीत ५ मिली स्टार्च आणि १ मिली पातळ लाळ: बर्फात, खोलीत, ३७ अंशांच्या कोमट पाण्यात, आणि चौथीत आधी पाच मिनिटं उकळून थंड केलेली लाळ. पाचवीत लाळेऐवजी नुसतं पाणी. टाइलवर आयोडीनचे थेंब रांगेने घातले. दर अर्ध्या मिनिटाला नळीतला एक थेंब त्यावर सोडायचा. टाइलवर थेंब लगेच थंड होतो, त्यामुळे मागच्या वेळची अडचण आपोआप मिटली.

रंग एकदम जात नाही. निळाकाळा, मग जांभळा, मग विटकरी, मग आयोडीनचा आपला पिवळा. विटकरीच्या टप्प्यावर स्टार्चचे मधले तुकडे, डेक्स्ट्रिन, असतात.

निकाल: कोमट पाण्यात ३ मिनिटं. खोलीत ३ मिनिटं. पुस्तक म्हणतं खोलीच्या तापमानाला वेळ जास्त लागतो. पुन्हा केलं. कोमट ३, खोली अडीच.

“पुस्तक चुकलं,” दहावीतला म्हणाला. दुसरा म्हणाला, तापमानाने काहीच फरक पडत नाही. मी गप्प राहिलो आणि भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं. वरची खोली, गच्चीखालची, कूलरला खस अजून बसवली नव्हती. खोलीत ३८ अंश. पुस्तकातली खोली २५ अंशांची असते. आमच्या दोन नळ्या मुळात एकाच तापमानाच्या होत्या आणि त्यांनी एकच उत्तर दिलं.

मग २५ अंश आणायचे कुठून? फ्रिजमधलं फार थंड. ताईने माठात थर्मामीटर बुडवला: २६. खोली ३८ आणि माठ २६, वीज न लावता. मुलांना हे प्रयोगापेक्षाही नवल वाटलं, आणि ते प्रयोगातलंच आहे. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. ते सोडवून वाफ व्हायला खूप उष्णता लागते, आणि माठाच्या अंगावर झिरपलेलं पाणी ती आतल्या पाण्यातून घेतं. एप्रिलची आपली हवा कोरडी, म्हणून काम झपाट्याने होतं. घामही तेच करतो. एक नळी माठात लटकवली: साडेसहा मिनिटं.

बर्फातली वीस मिनिटांनीही निळी. उकळलेल्या लाळेची निळी. पाण्याची निळी.

एक चूक आज लक्षात आली ती लिहून ठेवतो. ‘विटकरी’ कुठे संपतो यावर दोघांचं एकमत होत नव्हतं, आणि कोमट नळी बघणाऱ्याला ती लवकर संपावी असं वाटत होतं. त्याने मुद्दाम काही केलं नाही, पण त्याचे आकडे दोन्ही वेळा कमी आले.

रविवार, २० एप्रिल

बदल केले. एक, निळी-जांभळी छटा पूर्ण गेली तो थेंब शेवटचा, हे आधी लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दोन, नळ्यांवर फक्त क, ख, ग, घ. कोणती कुठली ते ताईलाच माहीत. ती थेंब आणून देते, बघणारा पाठ करून बसतो. तीन, प्रत्येक गोष्ट तीनदा.

आज कूलर सुरू होता आणि खोली ३१ वर होती. मागच्या आठवड्याच्या ‘खोली’च्या आकड्याशी आजचा जुळला नाही, जुळणारही नव्हता. तेव्हापासून वहीत ‘खोली’ हा शब्दच बंद केला, अंश लिहितो. तीन वेळांची सरासरी: ३७ अंशांना ३ मिनिटं, ३१ ला साडेचार, माठात २६ ला साडेसहा.

मग मला सगळ्यात आवडलेला भाग. बर्फातली नळी, वीस मिनिटं निळी राहिलेली, कोमट पाण्यात ठेवली. चार मिनिटांत रंग गेला. उकळलेल्या लाळेची नळीही त्याच पाण्यात ठेवली. चाळीस मिनिटं वाट पाहिली. निळीच. तोपर्यंत मुलं दोघींनाही ‘बंद पडलेल्या’ म्हणत होती. आता वेगळे शब्द आले: एक झोपलेली, एक मेलेली. विकर म्हणजे प्रथिन, त्याची घडी म्हणजेच त्याचं काम. थंडीत घडी शाबूत असते, रेणू फक्त हळू हलतात. उकळल्यावर घडीच विस्कटते, अंड्याचा पांढरा बलक शिजून घट्ट होतो तशी, आणि परत बसत नाही. हे मी सांगायच्या आधी छोटूने अंड्याचं उदाहरण दिलं.

सहा जणांच्या लाळेचे वेळ वेगवेगळे आले, सर्वांत कमी २ मिनिटं, सर्वांत जास्त ९. ज्याला ९ लागली तो हिरमुसला. त्याला समजावलं की कोणी घोळवताना लाळ जास्त आली, कोणाची कमी, हा फरक आधी आहे. शिवाय लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या आहारात पिढ्यान्‌पिढ्या स्टार्च जास्त आहे अशा लोकसमूहांत या प्रती सरासरीने जास्त आढळल्या. यात हुशार-ढ असं काही नाही. पण तुलनेचा प्रयोग करताना सगळ्या नळ्यांत एकाच मुलाची लाळ घ्या. पहिल्या दिवशी मी मिसळून घेणार होतो, ते बरं झालं नाही केलं.

बुधवार, २३ एप्रिल

रंग गेला हे दिसलं, साखर आली हे कुठे दिसलं? ताईचा प्रश्न, आणि रास्त. म्हणून बेनेडिक्ट. निळं द्रावण, साखर असेल तर गरम केल्यावर हिरवं, पिवळं, नारिंगी, विटेसारखं लाल होत जातं.

घाईत मी नळी थेट गॅसच्या ज्योतीवर धरली. द्रावण एकदम उसळून ओट्यावर उडालं. मुलं दोन पावलं मागे होती, कोणाला लागलं नाही. ही चूक मी नोकरीत दुसऱ्यांना करू दिली नसती. नळ्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात उभ्या ठेवायच्या, पाच मिनिटं, तोंड भिंतीकडे. दुसरा मार्ग नाही.

निकाल: स्टार्च एकटा, निळा. स्टार्च आणि लाळ, नारिंगी. लाळ एकटी, हिरवट. ही तिसरी नळी ‘कशाला ठेवायची’ म्हणून जवळजवळ सुटली होती. लाळेत इतकी साखर नसते. चौकशी केली तर ज्याची लाळ तो येताना उसाचा रस पिऊन आला होता. चुळा भरून, अर्ध्या तासाने पुन्हा: एकटी लाळ निळी, स्टार्चसोबतची नारिंगी. तिसरी नळी नसती तर आम्ही रसवंतीची साखर लाळेच्या नावावर लिहिली असती.

जाता जाता साधी साखरही तपासली. निळीच राहिली, मुलांचा विश्वास बसेना. बेनेडिक्ट सगळ्या साखरा ओळखत नाही, ग्लुकोज-माल्टोज ओळखतं, आपली चहातली सुक्रोज नाही. गुळाने मात्र रंग बदलला, कारण त्यात, उसाच्या रसातल्यासारखंच, थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं.

रविवार, २७ एप्रिल

आमच्यातल्या जुळ्या भावांनी कळमन्याच्या बाजारातून आलेली मृग बहाराची शेवटची संत्री आणली आणि मला न विचारता एक प्रयोग केला. निळ्या नळीत संत्र्याचा रस टाकला. रंग क्षणात गेला. लाळेला तीन मिनिटं लागतात, संत्र्याला तीन सेकंद!

“काका, संत्र्यात लाळेपेक्षा भारी विकर आहे ना!”

मी उत्तर दिलं नाही. विचारलं, हे खरं असेल तर रस उकळल्यावर काय व्हायला हवं? “मरायला हवं.” रस उकळला, थंड केला, टाकला. रंग तितक्याच झटक्यात गेला. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. बेनेडिक्ट करू म्हणाले. संत्र्याच्या रसात साखर आधीच असते, त्यातून काही कळणार नाही, हे ताईने त्यांना सांगितलं.

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग छोटूने आपल्या वहीचं पहिलं पान काढलं, “रंग गेला. स्टार्च गेला नाही.” त्याने उठून त्या नळीत आयोडीनचे आणखी थेंब टाकायला सुरुवात केली. पहिला थेंब पडला, निळा ठिपका झाला, विरला. दुसरा, विरला. सातव्या थेंबाला निळा राहिला. नळी पहिल्यासारखी गडद.

स्टार्च तिथेच होता. संपलं होतं ते आयोडीन. संत्र्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचं आयोडाइड करतं, आणि आयोडाइड एकटं रंग देत नाही. जीवनसत्त्वाचा पुरवठा संपला की नवं आयोडीन शिल्लक राहतं आणि निळं होतं. मग लाळेच्या नळीतही तसेच दहा थेंब टाकले: तपकिरी झाली, निळी नाही. तिथे स्टार्च खरंच गेला होता. आंबटपणामुळे तर नाही ना, म्हणून किराणा दुकानातलं लिंबूसत पाण्यात विरघळवून निळ्या नळीत टाकलं. रंग कायम. औषधाच्या दुकानातली क जीवनसत्त्वाची गोळी कुटून टाकली. रंग गेला.

शेवटी भावांनीच एक नळी सुचवली: स्टार्च, लाळ आणि लिंबूसत. वीस मिनिटांनीही निळी. लाळेतलं अमायलेज जवळपास उदासीन माध्यमात चालतं, आंबटात थांबतं. म्हणजे संत्रं स्टार्च पचवत तर नाहीच, लाळेलाही अडवतं.

निळा रंग जायचे तीन रस्ते आता भिंतीवर कागदावर आहेत: गरम असणं, क जीवनसत्त्व, आणि खरं पचन. प्रत्येकासमोर त्याची खूण: थंड कर, आयोडीन वाढव, साखर शोध.

रविवार, ४ मे

उरलेलं स्टार्चचं द्रावण बाहेर राहिलं होतं, तिसऱ्याच दिवशी आंबूस वास आणि आयोडीनला रंग फिका. या दिवसांत रोज ताजं करा, किंवा फ्रिजमध्ये दोन दिवस, त्याहून जास्त नाही.

छोटू मोठी, कोय धरलेली कैरी घेऊन आला. कापायच्या आधी वहीत लिहून आणलं होतं: “कैरीत क जीवनसत्त्व असेल. स्टार्चही असेल, कारण पिकल्यावर गोड होते. म्हणून एक थेंब टाकून थांबायचं नाही. शेजारी पाण्याचा थेंब आणि पिकलेल्या आंब्याची फोड ठेवायची.” हे मी शिकवलं नव्हतं.

कैरीच्या फोडीवर पहिला थेंब पडला आणि पुसल्यासारखा नाहीसा झाला. भावांपैकी एक म्हणाला, स्टार्च नाही. छोटूने मान हलवली, दुसरा टाकला. तोही गेला, कडेला किंचित करडी रेघ राहिली. चौथ्या थेंबाला कोयीजवळचा गर काळाभोर झाला आणि तसाच राहिला. पिकलेल्या फोडीवर सहा थेंब टाकले, पिवळेच. कैरी पिकताना तिच्यातलंच अमायलेज स्टार्चची साखर करतं.

त्याने टाइलवर तारीख लिहिली, खाली ३९ अंश, आणि कूलर बंद होता हेही.